ट्रस पूल बांधतानाच दुरुस्तीची वाट ठेवता येईल का?

जुना रिव्हेट (धागाकर्ता)

९ जुलै २०२५ रोजी वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणाऱ्या, मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा गाळा कोसळला. तेव्हापासून वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘काँक्रीटचे हे असेच. त्यापेक्षा लोखंडी पूल बांधावेत, शंभर वर्षे बघायला नको.’ गंभीरा पूल ट्रसचा, म्हणजे लोखंडी त्रिकोणांच्या चौकटीचा, नव्हता, आणि तो का पडला याची चर्चा मला येथे करायची नाही. मला बोलायचे आहे ते ‘बघायला नको’ या दोन शब्दांविषयी. माझी सारी नोकरी लोखंडी पुलांच्या देखभालीत गेली. ट्रसकडे सतत बघावे लागते. त्याच्या बदल्यात तो एक मोठी सवलत देतो, ती म्हणजे त्याचा बिघडलेला तुकडा, निदान तत्त्वतः, काढून नवा बसवता येतो. ‘निदान तत्त्वतः’ असे मी मुद्दाम लिहिले आहे, कारण मी हाताळलेल्या बहुतेक जुन्या गाळ्यांत ही सवलत पूल बांधतानाच बंद करून टाकलेली होती.

ज्यांनी ट्रस जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्रिकोणांच्या या चौकटीत, एका गाळ्याच्या साध्या पुलात, वरची कॉर्ड, म्हणजे वरचा लांब आडवा दांडा, दाबाखाली असते, खालची कॉर्ड ताणाखाली असते आणि मधले तिरकस सदस्य, म्हणजे दांडे, ज्यांना आम्ही डायगोनल म्हणतो, आपापल्या जागेप्रमाणे ताण किंवा दाब घेतात. हे सारे जिथे एकत्र येतात तिथे त्यांना दोन्ही अंगांनी कवेत घेणारे जाड पत्रे असतात, त्या गसेट प्लेट. पुलाचा संसार तिथे चालतो आणि दुरुस्तीचे हालही तिथेच होतात.

एका जुन्या गाळ्याचा एक डायगोनल आम्हाला बदलावा लागला होता. वर पाहावे तर तो ठणठणीत होता. खालच्या सांध्यात मात्र, दोन गसेटांच्या मध्ये शिरलेल्या हातभर भागात, वर्षानुवर्षे धूळ आणि कबुतरांची शीट साचून तिचा ओला लगदा झाला होता, आणि त्या लगद्याखाली पोलादाची जाडी निम्म्यावर आली होती. दर तपासणीत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे ठोकून बसवलेले खिळे, पाहिले जात असत. एका अंगाला बोट टेकवायचे, दुसऱ्या अंगाने हलकी हातोडी मारायची आणि बोटाला झटका जाणवला की रिव्हेट ढिला समजायचा, ही जुनी रीत आहे. रिव्हेट घट्टच होते. दोन पत्र्यांमधल्या फटीत मात्र हातोडीही जात नव्हती आणि नजरही. शेवटी आमच्या एका खलाशाने (पुलावरच्या मदतनीस कामगाराने) सायकलचा आरसा तारेला बांधून आत सरकवला, दुसऱ्याने विजेरी धरली, आणि मग आम्हाला ते खिंडार दिसले.

चालू पुलाचा डायगोनल नुसता कापून काढता येत नाही, कारण गाडी नसतानाही पुलाच्या स्वतःच्या वजनाचा ताण त्याच्यात असतोच. त्याच्या दोन्ही बाजूंना उच्च ताकदीच्या सळ्या लावायच्या, त्या जॅकने ओढत न्यायच्या आणि डायगोनलमधला ताण सळ्यांवर उतरला की तो मोकळा करायचा, अशी पद्धत आहे. पण सळ्या अडकवायच्या कशाला? गसेटवर एकही मोकळे भोक नव्हते. आणि ओढायच्या किती? मूळ नकाशात सदस्यांची मापे होती, मात्र पुलाच्या स्वतःच्या वजनाने कोणत्या सदस्यात किती ताण बसतो हे कुठेही लिहिलेले नव्हते, म्हणून सगळे गणित नव्याने मांडावे लागले. सळ्यांसाठीच्या ब्रॅकेटची मापे पत्र्याचा साचा कापून, पुलावर लोंबकळत घ्यावी लागली. प्रत्यक्ष डायगोनल बदलण्याचे काम दोन दिवसांत झाले, परंतु त्याच्या तयारीला सहा आठवडे लागले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नवा ट्रस आखतानाच, प्रत्येक ताणाच्या सदस्यासाठी, तो पुढे कसा काढायचा याची वाट नकाशात ठेवावी. गसेट थोडी लांबवून सळ्यांसाठी भोके आधीच पाडावीत आणि प्रत्येक सदस्यापुढे त्याच्यातला स्वतःच्या वजनाचा ताण छापावा. शक्य असेल तर सगळे डायगोनल एका मापाचे ठेवावेत, म्हणजे एक-दोन सुटे तुकडे गोदामात ठेवता येतील.

बेअरिंगचे, म्हणजे खांबावर गाळा ज्याच्यावर टेकतो त्या भागाचे, तर याहून वाईट आहे. बेअरिंग बदलायचे म्हणजे गाळ्याचे टोक काही मिलिमीटर उचलायचे. पण खांबाच्या माथ्यावर जॅक ठेवायला जागाच सोडलेली नसते, आणि जागा असली तरी टोकाचा क्रॉस गर्डर (आडवी तुळई) रस्त्याचा भार पेलण्यापुरताच आखलेला असतो. अख्ख्या गाळ्याचे टोक त्याच्यावर तोलायचे हा विचार आखणीत झालेला नसतो. बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, पुलाच्या आयुष्यात तो बदलावा लागणारच. हे ठाऊक असताना जॅकची जागा नकाशात का दाखवली जात नाही, याचे उत्तर मला निवृत्तीपर्यंत मिळाले नाही.

येथे फॅब्रिकेशनवाले, आखणी करणारे आणि शिकवणारे सगळेच आहेत. माझ्या म्हणण्यात कुठे चूक आहे ते सांगावे.

मकरपुरा शेड

काका, नमस्कार. आमचे फॅब्रिकेशनचे लहानसे शेड आहे, त्यामुळे आपण लिहिलेला पत्र्याचा साचा वाचून हसू आले. असे साचे आमच्या भिंतीवर अजून टांगलेले आहेत.

आपल्या एका मुद्द्याला मात्र आमचा विरोध आहे. सगळे डायगोनल एका मापाचे ठेवा हे म्हणायला सोपे आहे, परंतु मोठ्या ट्रसला कॅम्बर, म्हणजे मध्याला किंचित उचल, द्यावा लागतो. पूर्ण भाराखाली पुलाची भूमिती नकाशाप्रमाणे यावी म्हणून ताणाचे सदस्य किंचित आखूड आणि दाबाचे सदस्य किंचित लांब कापले जातात. हा फरक काही मिलिमीटरांचाच असतो, पण बोल्टच्या भोकाला तेवढा पुरेसा आहे. नकाशात सारखे दिसणारे दोन डायगोनल शेडमध्ये सारखे नसतात, आणि गोदामात ठेवलेला ‘सुटा’ तुकडा ऐन वेळी चार मिलिमीटरने कमी पडतो. त्यापेक्षा सुट्या तुकड्याचे एक टोक भोके पाडून तयार ठेवावे आणि दुसरे टोक कोरे ठेवावे. दुसऱ्या टोकाची भोके जागेवरचे माप घेऊन पाडावीत. त्याबरोबर कॅम्बरचा तक्ता जपून ठेवावा. आमच्याकडे जुन्या पुलांच्या दुरुस्तीची कामे येतात तेव्हा मुख्य नकाशा एकवेळ मिळतो, पण कॅम्बरचा तक्ता आजवर एकदाही मिळालेला नाही.

दुसरे असे की रिव्हेटचा काळ संपला आहे. तापवलेला रिव्हेट भोक भरून बसतो हे खरे, पण ते काम करणारी टोळी आता मिळत नाही. जुन्या रिव्हेटच्या जागी आम्ही भोक रिमरने साफ करून घर्षणावर चालणारा उच्च ताकदीचा बोल्ट घालतो. नव्या कामात टॉर-शिअर बोल्ट आले आहेत. त्यांच्या शेपटाला खाचा असतात, पान्हा नट आणि शेपूट दोन्ही एकदम पकडतो आणि ठरलेला ताण आला की शेपूट तुटून पडते. बुलेट ट्रेनसाठी वडोदऱ्यात बाजवा–छायापुरी कॉर्ड लाइनवर जो ६० मीटरचा, ६४५ टनांचा पोलादी पूल ढकलून बसवला, त्यात असे पंचवीस हजारांहून अधिक बोल्ट आहेत. त्याचे भाग भचाऊच्या कारखान्यात तयार झाले होते. दुरुस्तीच्या दृष्टीने या बोल्टचा फायदा असा की डोक्याच्या बाजूला दुसरा माणूस धरायला लागत नाही आणि तुटलेले शेपूट पाहून बोल्ट कसला आहे की नाही हे खालूनही कळते. तोटा असा की पान्हा लांब आणि जड असतो, त्याला नटासमोर सरळ मोकळी जागा लागते. अनेक नकाशांत बोल्ट दाखवलेला असतो, पण त्याच्यासमोर दीड वीत अंतरावर दुसरा पत्रा आलेला असतो. कारखान्यात सांधा सुटा असताना तो बोल्ट बसतो, पण पुलावर, सगळे जोडल्यावर, तो पुन्हा कधीच काढता येत नाही.

कलाभवनी

विषय चांगला निवडला आहे. माझी असहमती थोडी खोलवर आहे.

काढता येणे ही दुसरी पायरी झाली. पहिली पायरी अशी की एखादा सदस्य अचानक गेला तर पूल काही काळ तग धरेल का. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवर १९५५ साली बांधलेल्या पुलावर २३ मे २०१३ रोजी एक अवजड, उंच माल घेऊन जाणारा ट्रक वरच्या आडव्या बंधांना धडकत गेला आणि अख्खा गाळा पाण्यात उतरला. कोणी दगावले नाही हे नशीब. त्या पुलात भाराला जायला कोणताही पर्यायी मार्ग नव्हता. एक दुवा गेला की साखळी गेली. तुमच्या सळ्या लावायला तिथे कोणाला वेळच मिळाला नसता. महिन्याभरात तिथे तात्पुरता पोलादी गाळा बसवून वाहतूक सुरू झाली.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की ताणाचा सदस्य एकाच जाड पट्टीचा करू नये. दोन किंवा चार स्वतंत्र तुकड्यांचा करावा, आणि ते तुकडे एकमेकांना बोल्टने जोडावेत. वेल्डने एकजीव केलेल्या पेटीत एका कोपऱ्यात भेग पडली तर ती न थांबता पुढच्या पत्र्यात शिरते. बोल्टने जोडलेल्या तुकड्यात ती तुकड्याच्या कडेला येऊन थांबते, कारण पुढे पोलाद सलग नसतेच. जुन्या रिव्हेटच्या पुलांना हा गुण आपोआप मिळाला होता, आपण वेल्डिंगच्या सोयीपायी तो घालवला. शिवाय स्वतंत्र तुकड्यांचा सदस्य तुमच्या कामालाही सोपा आहे, कारण एका वेळी एकच तुकडा बदलता येतो आणि उरलेले तुकडे तेवढ्यापुरता भार घेऊ शकतात. तेवढी ताकद आखणीत धरायला हवी एवढीच अट.

गसेटमध्ये आगाऊ भोके पाडण्याबाबत सावध राहावे. भोक म्हणजे पोलाद कमी. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला, १३ माणसे गेली, आणि तपासात निघाले की काही गसेट प्लेट आवश्यकतेच्या जवळपास निम्म्या जाडीच्या आखल्या गेल्या होत्या. १९६७ पासून चाळीस वर्षे तो पूल चालला. दरम्यान वर रस्त्याचा थर वाढवला, कठडे जड केले, आणि शेवटच्या दिवशी दुरुस्तीसाठीच आणलेल्या खडी-वाळूचे ढीग नेमके त्या भागावर रचलेले होते. दुरुस्तीचे साहित्य पुलावर कुठे आणि किती ठेवायचे हे कोणी आखणीकाराला विचारले नव्हते. २००३ साली काढलेल्या छायाचित्रांत त्या प्लेट वाकलेल्या दिसतात. म्हणजे नजर पोचत होती, फोटोही निघाले होते, पण वाकलेल्या गसेटचा अर्थ कोणी लावला नाही. तेव्हा सळ्यांसाठी भोके हवीत तर ती मूळ गसेटमध्ये नकोत. कारखान्यातच गसेटला बोल्टने जोडलेले वेगळे कान असावेत, आणि त्यांचा भार गसेटच्या गणितात आधीपासून धरलेला असावा.

नवखा

मी स्थापत्यचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, प्रश्न बाळबोध असेल तर क्षमा असावी. सैन्याच्या बेली पुलात प्रत्येक पॅनल सारखे असते आणि पिन काढली की ते सुटते. मग सगळेच ट्रस पूल तसेच का बांधत नाहीत?

जुना रिव्हेट

बाळबोध मुळीच नाही. हा प्रश्न मीही एकदा वरिष्ठांना विचारला होता आणि उत्तरादाखल हातात ग्रीसचा डबा मिळाला होता.

बेलीचे पॅनल १० फूट लांब आणि ५ फूट उंच, वजन सुमारे २६० किलो, म्हणजे सहा माणसांनी उचलावे असे ठरवूनच आखलेले. जुलै २०२४ मधील वायनाडच्या दरडीनंतर चूरलमाला येथे लष्कराने १९० फुटांचा, २४ टन भार पेलणारा बेली पूल बांधला, आणि १ ऑगस्टला त्याच्यावरून वाहने गेली. तशा कामाला त्याला तोड नाही. पण पिन आणि भोक यांत सैलपणा ठेवावाच लागतो, नाहीतर पिन अंधारात, चिखलात बसणार नाही. हा सैलपणा प्रत्येक सांध्यावर साचत जातो आणि मधोमध पूल खाली झुकतो. रोज हजारो वाहने गेली की पिनही झिजते आणि भोकही, आणि झिजलेले भोक बदलता येत नाही. म्हणून कायमच्या पुलाला घट्ट सांधा हवा.

बेलीकडून घ्यायचे ते वेगळे आहे. तो आखणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारला की हे उचलणार कोण. आपल्या कायमच्या पुलात चार टनांचा एक सदस्य असतो, आणि तो बदलायला क्रेन कुठे उभी राहणार याचा नकाशात पत्ता नसतो.

कलाभवनी सर, कानांबाबत आपले म्हणणे मान्य आहे, माझा भोकांचा आग्रह मागे घेतो. सुट्या डायगोनलच्या बाबतीत मकरपुरा शेड यांचेही मान्य आहे. दाबाच्या सदस्यांना सळ्यांची युक्ती चालत नाही हे मी लिहायचे विसरलो. वरची कॉर्ड किंवा टोकाचा रेकर (गाळ्याच्या टोकाचा तिरका दांडा) बदलायचा झाला तर गाळ्याखाली टेकू उभे करण्याला पर्याय फारसा नसतो, आणि महीसारख्या नदीत ते उन्हाळ्यातच जमते. म्हणून दाबाच्या सदस्यांना पोलाद जरा सैल हाताने वापरावे असे माझे मत आहे.

सुरसागर

मी पुलांच्या रंगकामाची तपासणी करते. वरच्या चर्चेत सांधा, बोल्ट, सळ्या आल्या, पाणी मात्र कोणाच्याच बोलण्यात आले नाही. माझ्या अनुभवात मोठी दुरुस्ती बहुतेक वेळा पाण्यापासून सुरू होते.

खालची कॉर्ड अनेक पुलांत वर तोंड असलेल्या पन्हळीसारखी असते. तिच्यात पाणी, माती, पाने आणि पक्ष्यांची घरटी सगळे जमते. पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात, पण अंगठ्याएवढी. पहिल्या पावसाळ्यात ती मातीने बुजतात. मी निदान दोन इंचांची भोके मागते, आणि तीही सर्वांत खालच्या जागी. कॅम्बरमुळे मध्य उंच आणि टोके खाली असतात, तरीही नकाशात भोके समान अंतरावर पाडून मोकळे होतात. पाणी समान अंतरावर साचत नाही, ते टोकाच्या सांध्यात जाऊन बसते. वरून रस्त्याच्या एक्स्पान्शन जॉइंटचे, म्हणजे पूल फुगण्या-आकसण्यासाठी सोडलेल्या फटीचे, रबर फाटलेले असते, म्हणजे रस्त्यावरचे घाण पाणीही त्याच सांध्यावर आणि त्याच बेअरिंगवर उतरते. पुलाच्या टोकाचे दोन सांधे वाचवायचे असतील तर जॉइंटखाली पन्हळ लावून पाणी बाहेर काढावे, आणि ती पन्हळ शिडीवरून हाताने साफ करता आली पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे पाठीला पाठ लावलेले अँगल. त्यांच्यात बोटाच्या पेराएवढी फट ठेवतात. त्या फटीत ना ब्रश जातो ना वाळूचा मारा. आत गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि दोन अँगलना आतून फाकवतो. बोल्टांच्या मध्ये पत्रा पोळीसारखा फुगलेला दिसला की समजावे, आत गंजाचे थर बसले आहेत. त्याच्यावर रंग देणे म्हणजे गळक्या छपराला आतून चुना लावणे. फट ठेवायची तर हात जाईल एवढी ठेवा, नाहीतर मुळीच ठेवू नका आणि कडा सीलंटने बंद करा.

रेल्वेच्या पुलांवर पूर्वी डब्यांतील शौचालयांचे सगळे थेट क्रॉस गर्डरवर आणि स्ट्रिंजरवर (रुळांखालच्या लांब तुळयांवर) पडत असे, आणि त्या जागांचा रंग दोन वर्षे टिकत नसे. जैव-शौचालये आल्यापासून तो प्रकार खूपच कमी झाला आहे. पोलाद न बदलता पुलाचे आयुष्य वाढवणारी याहून मोठी सुधारणा मी पाहिलेली नाही. ती पूल आखणाऱ्यांनी केलीच नाही, डबे बांधणाऱ्यांनी केली.

भरूचकर

माझे आजोळ भरूचचे, म्हणून गोल्डन ब्रिजविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. नर्मदेने आधीचा पूल वारंवार मोडल्यावर १८७७ ते १८८१ या काळात तो बांधला गेला, आणि २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू होईपर्यंत त्याच्यावरून वाहने जात होती. लहानपणी आम्ही त्याच्या लोखंडाला हात लावत असू तेव्हा ते गुळगुळीत न लागता लाकडासारखे रेघारेघांचे लागे. पुढे समजले की ते रॉट आयर्न, म्हणजे जुन्या पद्धतीचे घडीव लोखंड, आहे.

मला विचारायचे आहे की अशा जुन्या पुलाचा सदस्य झिजला तर त्याच्यावर पट्टी वेल्ड करून भागत नाही का?

कलाभवनी

नाही. आपण लहानपणी हाताने जे ओळखले तेच कारण आहे. रॉट आयर्नमध्ये मळीचे तंतू थराथरांनी पसरलेले असतात. लांबीच्या दिशेने ते ताण चांगला घेते, पण पृष्ठावर पट्टी वेल्ड करून ओढले तर वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. अशा पुलाला बोल्टने पट्टी जोडणे हाच सुरक्षित मार्ग. आरंभीच्या काळातील पोलादातही गंधक आणि फॉस्फरस जास्त असू शकतात, म्हणून नमुना तपासल्याशिवाय वेल्डिंगची कांडी लावू नये.

नव्या पुलासाठी यातून निघते ते असे की वापरलेल्या पोलादाचा दर्जा नकाशावर तर असावाच, शिवाय प्रत्येक सदस्यावर कायमचा ठसाही असावा. पन्नास वर्षांनी येणाऱ्या वेल्डरला नकाशा दिसणार नाही, समोरचे लोखंड दिसेल.

हिशेबनीस

मी अभियंता नाही, सरकारी बांधकामाच्या हिशेबात तीस वर्षे काढली. आपण सर्वांनी जे मागितले आहे ते सगळे योग्य असेल, पण त्यातले काहीही होणार नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही.

निविदा सर्वांत कमी दराला जाते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तकात जे चढते त्याचे : पोलाद टनांत, रंग चौरस मीटरमध्ये, बेअरिंग नगांत. पान्ह्यासाठी सोडलेली मोकळी जागा कोणत्या एककात मोजणार? गसेटचे कान हे आखणीकाराला ‘जादा वजन’ दिसते आणि लेखापरीक्षकाला ‘अनावश्यक खर्च’. मी स्वतः अशा एका प्रकरणात, बेअरिंगखाली जॅकसाठी मागितलेल्या जादा कामावर, ‘समर्थन द्यावे’ असा शेरा मारला होता. समर्थन आले नाही, बाब वगळली गेली. या धाग्यावरची पहिली नोंद वाचताना तो शेरा आठवला.

तेव्हा या गोष्टी ‘चांगली पद्धत’ म्हणून न मागता निविदेतल्या स्वतंत्र बाबी म्हणून मागाव्यात. जॅकची जागा : नग चार. सळ्यांचे कान : नग इतके. सदस्य बदलण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा : एक संच, तपासून स्वीकारल्यावर अमुक टक्के देयक. कॅम्बरचा तक्ता आणि स्वतःच्या वजनाच्या ताणाचा नकाशा दिल्याशिवाय अनामत रक्कम परत नाही. एकदा बाबीला अनुक्रमांक मिळाला की ती वगळायलाही कोणाला तरी सही करावी लागते, आणि सही करायला माणूस दहा वेळा विचार करतो.

जुना रिव्हेट

हिशेबनीस साहेब, आपला तो शेरा बहुधा माझ्यासारख्याच कोणाच्या तरी फायलीवर पडला असेल. समर्थन पाठवणारे आम्ही त्या वेळी पुलावर आरसा बांधत होतो. पण आपण दाखवलेली वाट मला पटली. ‘एक संच, तपासून स्वीकारल्यावर’ हे शब्द मी वहीत उतरवून घेतले आहेत.

एकच शंका उरते. आराखडा कागदावर तपासला तर मकरपुरा शेड म्हणतात तोच घोळ होणार. बोल्ट दिसेल, पान्हा दिसणार नाही. संगणकावरच्या चित्रात पान्हा फिरवून पाहता येतो म्हणतात, पण मला तो फिरवणारा अजून भेटायचा आहे.

मकरपुरा शेड

काका, त्यावर आमच्याकडे एक स्वस्त उपाय आहे. गुंतागुंतीच्या सांध्याचे काम आले की आम्ही पोलाद कापण्याआधी प्लायवुडचा पूर्ण मापाचा सांधा उभा करतो. गसेट, डायगोनलची टोके, क्रॉस गर्डरचा तुकडा, सगळे खऱ्या मापाचे. बोल्टच्या जागी लाकडी खुंट्या. मग आमचा फिटर खरा पान्हा घेऊन एकेका खुंटीला लावून पाहतो. मागच्या वेळी त्याला छत्तीसपैकी पाच खुंट्यांना पान्हा लागेना. आखणीकाराला बोलावून दाखवले, त्याने मोजपट्टी लावली आणि उभ्या सदस्याची रुंदी दोन इंचांनी कमी केली. प्लायवुडचा खर्च त्या सांध्याच्या रंगापेक्षाही कमी आला होता.

सध्या एका पादचारी ट्रस पुलाच्या टोकाचा सांधा शेडमध्ये तसाच उभा आहे. रविवारी सकाळी शेड बंद असते, पण मी येऊन उघडेन. सुरसागर ताईंनी ब्रश आणावा, काकांनी हातोडी आणावी, आणि नवखा, तू सायकलवरून येणार असशील तर आरसा काढून बरोबर ठेव.

सुरसागर

येते. ब्रश तीन मापांचे आणते, आणि पाण्याची एक बाटलीही. प्लायवुड भिजेल खरे, पण टोकाला पाणी कुठे थांबते ते आधी पाहायचे आहे.